व्हेलॉसिटी वाढली, पण फायदा झाला का?

सप्रेम नमस्कार,

मी एका सॉफ्टवेअर कंपनीत डिलिव्हरी मॅनेजर आहे. चौदा महिन्यांपूर्वी आमच्या टीमने अजाइल, म्हणजे काम छोट्या टप्प्यांत करून वरचेवर तपासत पुढे जायची पद्धत, स्वीकारली. दोन आठवड्यांचे स्प्रिंट (कामाचे ठरावीक टप्पे), रोजचा स्टँडअप (उभ्याउभ्याची छोटी बैठक), स्प्रिंटच्या शेवटी रेट्रो (काय जमलं, काय सुधारायचं याची बैठक), सगळं रीतसर सुरू झालं. आता उरलेल्या सहा टीम्सनाही हीच पद्धत लावायचं चाललंय, आणि त्याआधी ‘नेमका फायदा किती झाला ते आकड्यांत दाखवा’ असं आमच्या संचालकांनी मला सांगितलंय. सहा आठवड्यांची मुदत आहे.

माझ्या हाताशी व्हेलॉसिटीचा, म्हणजे एका स्प्रिंटमध्ये किती पॉइंटांचं काम पूर्ण होतं त्याचा, आलेख आहे. पहिल्या तिमाहीत स्प्रिंटला सरासरी ३२ पॉइंट व्हायचे, आता ५८ होतात. म्हणजे ८० टक्क्यांच्या वर वाढ. पण हा आकडा सांगताना माझी जीभ अडखळते. ग्राहकांच्या तक्रारी कमी झाल्यासारख्या वाटत नाहीत. टीममधले दोन जुने सहकारी म्हणतात, पूर्वीच बरं होतं. नवीन मुलं म्हणतात, आता निदान काय चाललंय ते कळतं. आधीची मोजमापं कुणी ठेवलेलीच नाहीत. मी काय मोजू, कशाशी तुलना करू? आणि फायदा झालाच नसेल तर ते वरती कसं सांगू?

नाव छापू नये, ही विनंती.

*

नमस्कार,

८० टक्क्यांचा आकडा तयार असूनही तो पुढे करायला तुमचं मन धजावत नाही, हे वाचून बरं वाटलं. तो पुढे करूच नका. आधी त्याचाच निकाल लावू, मग बाकीचं.

स्टोरी पॉइंट ही एखादं काम केवढं आहे ते मोजायला टीमने स्वतःच आखलेली पट्टी असते, आणि त्याच पट्टीने त्याच टीमचं काम मोजलं जातं. अंदाज बांधायच्या बैठकीत काय होतं ते आठवून पाहा. यादीच्या पानावर तारखेचा फिल्टर लावायचं काम आलं. मागे तसलंच काम ३ पॉइंटचं धरलं होतं आणि जुन्या तारखांच्या घोळाने दोन दिवस खाल्ले होते. म्हणून कुणीतरी म्हणतं, ‘ह्या वेळी ५ धरू या.’ सगळे मान डोलावतात. पुढच्या वेळी ५ हाच आधार होतो, आणि कामात जरा काही वेगळं दिसलं की ८. कुणीही खोटं बोललेलं नसतं, पण वर्षभरात पट्टीवरचा सेंटिमीटर आखूड झालेला असतो. त्यात व्हेलॉसिटी दर महिन्याला वरती दाखवली जाते हे टीमला माहीत असेल, तर तो आणखी भराभर आखूड होतो. चार्ल्स गुडहार्ट या ब्रिटिश अर्थतज्ज्ञाने १९७५ साली चलनविषयक धोरणाबद्दल लिहिताना हेच सांगितलं होतं: एखाद्या आकड्यावर नियंत्रणाचा भार टाकला की त्याचं आधीचं वागणं मोडतं. स्टोरी पॉइंट बहुधा आपणच शोधले असावेत असं सांगणारे रॉन जेफ्रीज यांनीही पुढे त्याबद्दल जाहीरपणे खेद व्यक्त केलाय.

तुमची पट्टी किती आखडली हे पाहता येईल. पहिल्या तिमाहीतल्या दहा स्टोऱ्या (यादीतली कामं) काढा, त्यांचे पॉइंट पुसा, आणि पुढच्या अंदाजाच्या बैठकीत नव्या स्टोऱ्यांमध्ये मिसळून टीमसमोर ठेवा. ही उजळणी कशासाठी आहे ते टीमला आधी सांगा, पण जुने पॉइंट दाखवू नका. समजा, तेव्हा त्या दहांचे मिळून ३४ पॉइंट होते आणि आज ५५ झाले. मग आजचे ५८ म्हणजे जुन्या पट्टीवरचे जेमतेम ३६. ही काही प्रयोगशाळेतली चाचणी नव्हे. ती कामं एकदा करून झालेली आहेत, काहींना ती आठवतीलही. पण त्या आठवणीने अंदाज बहुधा कमीच होईल. तरीही तो वाढला, तर तुमची जीभ का अडखळत होती ते आकड्यांत दिसेल.

आता मूळ प्रश्नाकडे. ‘अजाइलचा फायदा झाला का’ हा प्रश्न आहे तसा सुटत नाही, कारण अजाइल ही एक गोष्ट नाही. फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेतल्या युटा राज्यात स्नोबर्ड इथे सतरा जण जमले आणि त्यांनी अजाइलचा जाहीरनामा लिहिला. त्यात चार मूल्यं आहेत, सोबत बारा तत्त्वं आहेत. त्यात स्टँडअप पंधरा मिनिटांचा असावा असं कुठे नाही, स्प्रिंट दोन आठवड्यांचा असावा असंही नाही. त्यामुळे ‘आम्ही अजाइल आहोत’ असं म्हणणाऱ्या दोन टीम्स रोज अगदी वेगवेगळी कामं करत असू शकतात. त्यांचे परिणाम एका नावाखाली मोजायचे, म्हणजे डॉक्टरांनी ‘औषध दिलं’ एवढंच लिहून रुग्ण बरा झाला का ते तपासायचं.

नॉर्थ कॅरोलिना स्टेट युनिव्हर्सिटीतल्या लॉरी विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ च्या सुमारास एक्स्ट्रीम प्रोग्रॅमिंग ह्या अजाइल पद्धतीच्या मूल्यमापनासाठी एक चौकट मांडली. तिचे तीन कप्पे मला आजही सगळ्यात उपयोगी वाटतात. पहिल्यात परिस्थिती: टीम केवढी, अनुभव किती, कोडचा आकार, ग्राहक कसा. दुसऱ्यात प्रत्यक्ष आचरण: ठरवलेल्या पद्धतींपैकी कुठल्या खरोखर पाळल्या जातात आणि किती. तिसऱ्यात परिणाम. बहुतेक अहवाल थेट तिसऱ्या कप्प्यात उडी मारतात. तुम्ही आठवडाभर दुसऱ्यात थांबा, असं मी आग्रहाने सांगेन.

तिथे थांबायचं म्हणजे असं. तुम्ही लिहिलंय, रेट्रो सुरू झाली. मागच्या सहा रेट्रोंमध्ये ठरलेल्या गोष्टी एका कागदावर उतरवा आणि त्यातल्या किती झाल्या ते पाहा. एका कंपनीत मी हे केलं तेव्हा ‘टेस्ट एन्व्हायरन्मेंट (चाचणीची व्यवस्था) वेगळं हवं’ हे एकच वाक्य वेगवेगळ्या शब्दांत पाच रेट्रोंमध्ये सापडलं. पाचही वेळा ते फळ्यावर लागलं, त्याचा फोटो निघाला आणि तो फोटो सगळ्यांना मेलने गेला. एन्व्हायरन्मेंट काही आलं नाही. त्या टीममध्ये रेट्रो ‘होत’ होती, पण तिचा परिणाम मोजायचा तरी कशाचा? तसंच स्टँडअपला लोक एकमेकांशी बोलतात की तुमच्याकडे पाहून हजेरी दिल्यासारखं बोलतात? स्प्रिंटच्या शेवटी चालणारं सॉफ्टवेअर खऱ्या वापरणाऱ्याला दिसतं का? कोडमधल्या किती बदलांसोबत स्वयंचलित टेस्ट लिहिल्या गेल्या? हे सगळं मोजता येतं आणि फार वेळही लागत नाही.

‘आधीची मोजमापं ठेवलेलीच नाहीत’ असं तुम्ही लिहिलंय. आहेत. टिकेटच्या (प्रत्येक कामासाठी प्रणालीत उघडलेल्या चिठ्ठीच्या) नोंदी आहेत, कोडच्या रिपॉझिटरीत (कोड साठवायच्या जागेत) तारीखवार इतिहास आहे, रिलीज नोट्स आहेत, सपोर्टकडे तक्रारींची यादी आहे, कॅलेंडरमध्ये बैठका आहेत. ह्यातलं काहीही मोजण्याच्या हेतूने लिहिलेलं नाही, म्हणून त्यावर कुणी रंग चढवलेला नाही. टिकेटवर कधीकधी आठवड्याने एकदम शिक्के मारलेले असतात, तेवढं सांभाळा. रिपॉझिटरीतल्या तारखा जास्त भरवशाच्या.

पद्धत बदलायच्या आधीच्या वर्षातली चाळीस कामं चिठ्ठ्या टाकून निवडा आणि गेल्या सहा महिन्यांतली चाळीस. प्रत्येकासाठी चार तारखा शोधा: मागणी कधी आली, हात कधी लागला, कोड कधी तयार झाला, वापरणाऱ्याच्या हातात कधी पडलं. ऐंशी कामं हाताने वाचायची म्हणजे कंटाळवाणं वाटेल, पण हे दुसऱ्या कुणावर ढकलू नका. मी पहिल्यांदा असं वाचलं तेव्हा एका टिकेटने माझे डोळे उघडले. एका पावतीवर कराची रक्कम चुकीच्या रकान्यात छापली जात होती. बदल दोन ओळींचा. मागणीपासून ग्राहकापर्यंत पोचायला ४१ दिवस लागले होते. टिकेटच्या नोंदी एकेक करून वाचल्या: बॅकलॉगमध्ये (करायच्या कामांच्या यादीत) अकरा दिवस. मग डेव्हलपरने अर्ध्या दिवसात दुरुस्ती केली. रिव्ह्यूसाठी (दुसऱ्याने कोड तपासण्यासाठी) सहा दिवस पडून, कारण रिव्ह्यू करणारा एकच माणूस आणि तो दुसऱ्या प्रोजेक्टवर. टेस्टरने अर्धा दिवस घेतला, पण त्याआधी एन्व्हायरन्मेंट मोकळं व्हायची चार दिवस वाट पाहिली. त्यानंतर रिलीजची तारीख यायला एकोणीस दिवस. म्हणजे ४१ दिवसांत त्या कामाला माणसाचा हात लागला तो एक दिवस. त्या टीमला ‘जरा वेगाने काम करा’ म्हणून वर्षभर सांगितलं जात होतं, आणि इथे वेगाने करण्यासारखा एकच दिवस होता, उरलेले चाळीस नुसते थांबण्याचे.

ह्या थांबण्यात काय फरक पडला तेच तुम्ही शोधताय. पुढे एमआयटीत गेलेल्या जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला रांगेचा साधा नियम इथे कामी येतो: एखाद्या व्यवस्थेत सरासरी किती कामं अडकलेली आहेत, ती दर आठवड्याला किती पूर्ण होतात, आणि एका कामाला किती वेळ लागतो ह्या तिन्हींचं नातं पक्कं असतं. तीस कामं हातात आणि आठवड्याला दहा पूर्ण होत असतील, तर एक काम सरासरी तीन आठवडे घेणार. हातातली पंधरावर आणा, गती तीच राहिली तरी दीड आठवडा. तुमच्या टीमने एका वेळी हातात घ्यायची कामं कमी केली असतील, तर सगळ्यात मोठा फायदा बहुधा तिथेच सापडेल.

आता ह्या मोजणीतला सापळा. मी स्वतः त्यात अडकलोय, म्हणून जरा सविस्तर सांगतो. स्प्रिंटमध्ये मावावं म्हणून अजाइल टीम काम लहान तुकड्यांत कापते. पूर्वी ‘रिपोर्टचं नवं पान’ हे एक टिकेट असायचं, आता त्याची सहा होतात. लहान टिकेट अर्थातच लवकर बंद होतं. म्हणजे टिकेटमागचा वेळ मोजलात, तर काहीही न सुधारता तो तीन आठवड्यांवरून चार दिवसांवर आलेला दिसेल आणि आलेख फार सुंदर येईल. ग्राहकाने मात्र सहा तुकडे मागितले नव्हते, त्याने रिपोर्टचं पान मागितलं होतं. म्हणून घड्याळ टिकेटला लावू नका, ग्राहकाच्या मागणीला लावा. सहांपैकी शेवटचा तुकडा त्याच्या हातात पडेपर्यंत ते चालू राहिलं पाहिजे. आता, दुसऱ्याच तुकड्यावर त्याचं काम भागलं आणि त्याने ‘बाकीचं राहू द्या’ म्हटलं, तर तो मात्र खरा फायदा आहे. तो वेगळा नोंदवा, कारण न लिहावा लागलेला कोड कुठल्याच आलेखात दिसत नाही.

आणि सरासरी घेऊ नका. एखादं रखडलेलं काम सरासरी कुठल्या कुठे नेतं. मध्यक (क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) सांगा, आणि त्यासोबत ८५ टक्के मागण्या किती दिवसांच्या आत पूर्ण झाल्या ते सांगा. ग्राहकाला शब्द देताना हा दुसरा आकडाच उपयोगी पडतो.

गुणवत्तेचंही तसंच. रिलीजमागे किती बग आले हे मोजलं, तर तिमाहीऐवजी दर पंधरवड्याला रिलीज करणारी टीम आपोआप चांगली दिसते, कारण प्रत्येक रिलीजमध्ये बदलच थोडे. महिन्याचा हिशेब करा, आणि झालेल्या बदलांपैकी किती बदलांमुळे प्रॉडक्शनमध्ये (ग्राहक वापरतात त्या प्रणालीत) बिघाड झाला, रोलबॅक (बदल मागे घेणं) किंवा हॉटफिक्स (तातडीची दुरुस्ती) करावा लागला, ते प्रमाण काढा. डोरा ह्या संशोधन-गटाने रूढ केलेल्या चार मापांत नेमकं हे जोडपण आहे: डिप्लॉयमेंट (बदल प्रत्यक्ष वापरात आणणं) किती वेळा आणि बदल पोचायला किती वेळ ही दोन वेगाची, बिघडणाऱ्या बदलांचं प्रमाण आणि बिघाडातून सावरायला लागणारा वेळ ही दोन स्थैर्याची. वेगाचा आकडा कधीही एकटा दाखवू नका. आणखी एक: बग उशिरा उगवतात. गेल्या महिन्यातल्या रिलीजचे बग अजून यायचे आहेत, म्हणून ताजा महिना नेहमी स्वच्छ दिसतो. प्रत्येक रिलीजला सारखीच मुदत द्या, समजा पहिले साठ दिवस, आणि साठ दिवस भरले नसतील ते रिलीज मोजणीतून वगळा.

तुम्हाला आकडे कमी-जास्त निघतील याची भीती वाटतेय, म्हणून बाहेरच्या अभ्यासांत काय निघालं ते सांगतो. २००८ साली टोरे डिबो आणि टॉर्गेइर डिंगसोयर यांनी अजाइलवरचं संशोधन चाळलं. १,९९६ अभ्यास सापडले, त्यातले प्रत्यक्ष निरीक्षणावर उभे असलेले आणि त्यांच्या निकषांत बसलेले फक्त ३६ निघाले. पुरावा इतका तुटपुंजा असतानाही जगभर टीम्स बदलत होत्या. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टच्या तीन आणि आयबीएमच्या एका टीमचा टेस्ट-आधी-कोड ह्या पद्धतीवरचा अभ्यास आला. रिलीजपूर्वीच्या दोषांचं प्रमाण अशी पद्धत न वापरणाऱ्या तशाच प्रोजेक्टच्या तुलनेत ४० ते ९० टक्क्यांनी कमी होतं, आणि व्यवस्थापकांच्या अंदाजाने सुरुवातीचा विकासाचा वेळ १५ ते ३५ टक्क्यांनी वाढला होता. फायदा आणि किंमत शेजारी-शेजारी मांडलेली आहेत. तुमच्या अहवालातही ती तशीच असावीत.

जोडीने प्रोग्रॅमिंग करण्यावरचा २००७ सालचा प्रयोग तर तुमच्या टीममधल्या मतभेदाशीच बोलतो. त्यात २९५ व्यावसायिक जावा सल्लागार होते, काही एकेकटे, काही जोडीने, आणि कामं सारखीच. सरसकट पाहिलं तर जोडीने ना वेळ वाचला ना अचूकता वाढली, आणि माणसांचे तास मात्र ८४ टक्क्यांनी वाढले. पण गुंतागुंतीची रचना असलेल्या प्रणालीत बरोबर उत्तरांचं प्रमाण ४८ टक्क्यांनी जास्त निघालं, आणि हा लाभ मुख्यत्वे नवख्यांना झाला. तुमच्याकडे नवीन मुलं खूश आणि जुने नाराज आहेत, त्यात कुणीतरी एक चुकतोय असं समजू नका. एकच बदल एकाला देतो आणि दुसऱ्याकडून घेतो, हे अगदी शक्य आहे.

म्हणून त्या दोन जुन्या सहकाऱ्यांशी नीट बोला. ‘तुम्हाला अजाइल आवडतं का’ असं विचारलंत तर निष्ठा किंवा वैताग मोजला जाईल. असं विचारा: मागच्या महिन्यात हातातलं काम अर्धवट टाकून किती वेळा दुसरं उचलावं लागलं? सलग दोन तास कुणी न टोकता काम करता आलं असे किती दिवस होते? मग कॅलेंडर उघडा आणि बैठकांचे तास दोन्ही काळांत मोजा. जुन्या लोकांना प्रत्येकजण विचारायला येतो, सगळ्या बैठकांना तेच लागतात. पद्धतीची किंमत बऱ्याचदा त्यांच्याच दिवसातून वळती होते. ऑफिसच्या वेळेनंतरचं कामही पाहा. मान आणि मॉरर यांनी २००५ साली मांडलेल्या दोन वर्षांच्या अभ्यासात स्क्रम ही अजाइल पद्धत आल्यावर जादा तास कमी झाले होते. तुमच्याकडे ते वाढले असतील, तर ५८ पॉइंटांमागचं एक कारण तिथेही असेल.

एक काम मात्र करू नका: आकडे माणसागणिक काढू नका. मी एकदा केवळ कुतूहलापोटी असा तक्ता काढला होता. तो एका मॅनेजरच्या हाती लागला आणि त्यांनी तो पगारवाढीच्या चर्चेत वापरला. महिन्याभरात टिकेटांची संख्या वाढली, कारण प्रत्येकाने आपलं काम दोन-दोन तुकड्यांत टाकायला सुरुवात केली, आणि सहकाऱ्याच्या रिव्ह्यूला वेळ देणं लोकांनी थांबवलं. त्याचा तक्त्यात रकानाच नव्हता. ती टीम पूर्ववत व्हायला खूप काळ गेला. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

समजा, आकडे सुधारलेले निघाले. ते अजाइलमुळेच, हे कशावरून? चौदा महिन्यांत नवीन माणसं आली असतील, सर्व्हर बदलला असेल, एखादं कटकटीचं मॉड्यूल बंद झालं असेल. ह्या सगळ्याची तारीखवार नोंद एका ओळीवर मांडा आणि तिच्यावर महिन्यामहिन्याचे आकडे टिंबांनी दाखवा. ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशा दोन जाड पट्ट्या काढू नका. वॉल्टर शूहार्ट यांनी १९२४ साली नियंत्रण-आलेख मांडला तो ह्याचसाठी, की नेहमीचं वरखाली होणं आणि खरा बदल ह्यांतला फरक डोळ्यांना दिसावा. टिंबांच्या आलेखात सुरुवातीचे दोन-तीन महिने घसरणही दिसू शकते. ती लपवू नका, पुढच्या सहा टीम्सना तिचीच आधी कल्पना हवी. आणि पद्धत बदलायचा निर्णय कधी झाला ते आठवा. एखादा फार वाईट तिमाही गेल्यावर झाला असेल, तर त्यानंतरचे महिने काहीही न करता थोडे बरेच गेले असते.

तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट ओझरती आलीय: उरलेल्या सहा टीम्स. त्यांनी पद्धत बदललेली नाही, पण कंपनी तीच, ते चौदा महिने तेच, तीच टिकेट-प्रणाली, सुट्ट्याही त्याच. त्यांचीही तीस-तीस कामं काढा. तुमच्या टीमचा मध्यक २६ दिवसांवरून १५ वर आला आणि त्यांचा त्याच काळात २५ वरून २१ वर आला असेल, तर अकरा दिवसांतले चार तुम्ही पद्धतीच्या खात्यावर टाकू शकत नाही. ते सगळ्यांनाच मिळाले. उरलेल्या सातांबद्दल तुम्ही ठामपणे बोलू शकाल. अर्थात तुमची टीम पहिल्यांदा का निवडली गेली तेही लिहा. ती मुळातच उत्साही असेल, तर ते सात दिवसही थोडे हात राखूनच सांगायला हवेत.

ह्याच कारणासाठी संचालकांना एक गोष्ट सुचवा. सहाही टीम्सना एकदम अजाइल लावू नका. दोन आत्ता, दोन चार महिन्यांनी, दोन त्यानंतर, आणि कोण कधी हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. मागे थांबलेल्या टीम्स आपोआप तुलनेला मिळतात, आणि ह्या वेळी मोजणी पहिल्या दिवसापासून सुरू असते. खर्च एका पैशानेही वाढत नाही. माझ्या अनुभवात वरच्या लोकांना ‘फायदा झाला’ ह्या वाक्यापेक्षा ‘वर्षभरात खात्रीने कसं कळेल’ ह्याचा आराखडा जास्त पटतो, मात्र तो एका पानात मांडला पाहिजे.

फायदा झालाच नसेल तर कसं सांगायचं, हे विचारलंत. बहुधा निकाल असा सरळ ‘झाला’ किंवा ‘नाही’ येणार नाही. काही सुधारलं असेल, काही जिथल्या तिथे असेल, एखादी गोष्ट बिघडली असेल. त्याच क्रमाने सांगा, आणि प्रत्येकाशेजारी प्रत्यक्ष किती आचरण झालं ते लिहा. ‘तक्रारी कमी झाल्या नाहीत, स्वयंचलित टेस्ट दहा बदलांपैकी दोनांनाच होत्या’ असं वाक्य समोर आलं की चर्चा तुमच्यावर किंवा टीमवर न येता टेस्टवर जाते. उलट, सगळं मनापासून पाळूनही फरक नसेल तर तेही लिहा. सहा टीम्सच्या वर्षभराच्या मेहनतीचा प्रश्न आहे, आणि ती माणसं तुमच्या आकड्यांच्या भरवशावर आपली कामाची घडी मोडणार आहेत.

सहा आठवडे पुरतील. पहिला आचरणाला, पुढचे दोन कामांच्या तारखांना, एक तक्रारी आणि बिघाडांना, एक माणसांशी बोलायला. शेवटचा लिहायला ठेवा, आणि मसुदा संचालकांच्या आधी टीमला वाचायला द्या.

ती चाळीस जुनी कामं वाचताना त्या दोन जुन्या सहकाऱ्यांना शेजारी बसवा. तारखा तुम्हाला टिकेटवर मिळतील, पण मधले एकोणीस दिवस काम का थांबलं होतं, ते आता फक्त त्यांनाच आठवत असेल.